गाणं गेलं पुढे, गायिका राहिली मागे

आजचा भाग जरा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो. विषय आहे अमेरिकेतलं 'रिदम अँड ब्लूज', म्हणजे आपल्या प्लेलिस्टमध्ये ज्यावर आर अँड बी लिहिलेलं असतं ते संगीत, आणि ते तिथल्या मुख्य प्रवाहात कसं शिरलं. तिथे याला 'क्रॉसओव्हर' म्हणतात. कृष्णवर्णीयांच्या यादीतलं गाणं पॉपच्या यादीत गेलं की झाला क्रॉसओव्हर. ऐकायला एकदम सोपं. पण गाणं पलीकडे गेलं म्हणून गाणारीही पलीकडे गेली असं दरवेळी झालं नाही. आजची गोष्ट या मधल्या फटीची आहे.

आधी त्या यादीचंच बघू. बिलबोर्ड हे तिकडच्या संगीत धंद्याचं नियतकालिक. १९४२ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आवडीची वेगळी यादी सुरू केली, तिचं नाव 'हार्लेम हिट परेड'. पुढे त्यात 'रेस' हा शब्द आला, कारण बाजारात अशा रेकॉर्डना सरसकट 'रेस रेकॉर्ड्स' म्हणायचे. जून १९४९ मध्ये त्यांच्याच एका बातमीदाराने, जेरी वेक्सलरने, सुचवलेलं नवं नाव लागलं: रिदम अँड ब्लूज. आता गंमत बघा. हे नाव संगीताचं कमी आणि गिऱ्हाइकाचं जास्त होतं. नाचायला लावणारा जंप ब्लूज, चर्चच्या वळणाचं गाणं, नाक्यावर उभं राहून चार पोरं गातात ते डू-वॉप, सगळं एकाच डब्यात. डब्यावरची चिठ्ठी एवढंच सांगायची की हे विकत कोण घेतं.

पण रेडिओच्या लहरींना वस्ती कळत नाही. शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, रेडिओचं बटण मात्र कुणीही फिरवू शकतं. मेम्फिसचं डब्ल्यूडीआयए हे स्टेशन १९४९ पर्यंत पूर्णपणे कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी चालू लागलं आणि १९५४ मध्ये त्याची ताकद ५०,००० वॉटवर गेली. क्लीव्हलंडमध्ये ॲलन फ्रीड हा गोरा निवेदक १९५१ पासून रात्री हीच गाणी लावायचा. २१ मार्च १९५२ ला त्याने ठेवलेल्या कार्यक्रमाला इतकी गर्दी लोटली, की दारं तुटली आणि पोलिसांनी तो सुरू होतो न होतो तोच बंद पाडला. त्यात १९५४ मध्ये खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. आईबाबांना कळू न देता पांघरुणात गाणी ऐकायची सोय झाली. तुम्ही रात्री दोन वाजता इअरफोन लावून जे करता, तेच.

म्हणजे मागणी तयार होती. मग अडलं कुठे?

मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी एक शॉर्टकट शोधला. छोट्या कंपनीचं गाणं आर अँड बीच्या यादीत वर जाताना दिसलं, की तेच गाणं गोऱ्या गायकाकडून गाऊन घ्यायचं आणि आपल्या मोठ्या वितरणाच्या जोरावर देशभर पसरवायचं. १९५४ चं 'श-बूम' घ्या. मूळ गाणं द कॉर्ड्स या कृष्णवर्णीय मुलांचं. ते स्वतःच्या हिमतीवर पॉपच्या पहिल्या दहात पोचलं होतं. पण द क्रू कट्स या कॅनडातल्या गोऱ्या चौकडीची आवृत्ती थेट पहिल्या नंबरवर गेली आणि कित्येक आठवडे तिथेच बसली.

सगळ्यात झोंबणारं उदाहरण मात्र लाव्हर्न बेकरचं. न्यूयॉर्कची अटलांटिक रेकॉर्ड्स ही १९४७ मध्ये सुरू झालेली छोटी कंपनी. तिथे बेकरने 'ट्वीडली डी' गायलं. १९५५ च्या सुरुवातीला ते आर अँड बीमध्ये जोरात होतं आणि पॉपच्या यादीत १४ व्या नंबरपर्यंत चढलं. तेवढ्यात मर्क्युरी या मोठ्या कंपनीने जॉर्जिया गिब्जकडून तेच गाणं करून घेतलं. तेच म्हणजे अगदी तेच: तीच मांडणी, तेच ठेके, त्याच जागी तेच हुंकार. अटलांटिकचा साऊंड इंजिनिअर टॉम डाउड यालाही त्या रेकॉर्डिंगसाठी बोलावणं आलं होतं असं सांगतात, म्हणजे कॉपी-पेस्टमध्ये काही कसर राहायला नको! गिब्जचं गाणं दुसऱ्या नंबरवर गेलं.

ही चोरी होती का? कायद्याने नाही. आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबू.

अमेरिकेच्या १९०९ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाणं म्हणजे शब्द आणि चाल. ते एकदा रेकॉर्ड होऊन बाजारात आलं, की दर प्रतीमागे २ सेंट भरून कुणीही ते पुन्हा रेकॉर्ड करू शकायचं, परवानगीची गरज नाही. ते २ सेंट जायचे गीतकार-संगीतकार आणि प्रकाशकाकडे. 'ट्वीडली डी' लिहिणारा विनफिल्ड स्कॉट हा स्वतः कृष्णवर्णीय होता. गिब्जची रेकॉर्ड खपली तेव्हा त्याचा हिशेब वाढलाच. पण गाण्याला जिने जीव दिला तिचा श्वास, तिची फिरत, बँडची मांडणी? याला कायद्यात मालकच नव्हता. ध्वनिमुद्रणाला तिकडच्या केंद्रीय कायद्यात संरक्षण मिळालं ते थेट १९७२ मध्ये. आमच्या भाषेत सांगायचं तर कोडवर लायसन्स होतं, पण प्रॉडक्ट ज्याने प्रत्यक्षात चालवून दाखवलं त्याचं नाव कुठेच नाही. (आपल्याकडे कॅसेटच्या जमान्यात जुन्या हिंदी गाण्यांच्या 'व्हर्जन' कॅसेट स्वस्तात मिळायच्या, त्याही कायद्यातल्या अशाच एका वाटेने आल्या होत्या. घरच्या मोठ्यांना विचारून बघा.)

बेकर गप्प बसली नाही. तिने १९५५ मध्ये मिशिगनचे खासदार चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहिलं. कुणी माझं गाणं गाण्याला माझी ना नाही, पण माझी मांडणी सुरासुराने उचलणं थांबवा, असा तिचा मुद्दा. आपलं सुमारे १५,००० डॉलरचं नुकसान झाल्याचा तिचा हिशेब होता. कायदा तसूभर हलला नाही. पुढे विमानप्रवासाला निघताना तिने विमा काढला आणि वारस म्हणून जॉर्जिया गिब्जचं नाव घातलं, असा किस्सा आहे. म्हणजे मीच नसले तर बिचारी गाणार काय! किस्सा खरा असो वा रंगवलेला, टोमणा मात्र अस्सल आहे.

नक्कल थांबवायचा दुसरा उपाय लिटल रिचर्डने काढला. जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावी बस स्टँडवर भांडी घासणारा हा पोरगा. सप्टेंबर १९५५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला त्याने 'टुटी फ्रुटी' रेकॉर्ड केलं. (हो, आइस्क्रीमवरची तीच टुटी फ्रुटी. गाण्याचा तिच्याशी काडीचा संबंध नाही.) त्याचं गाणं पॉपमध्ये १७ व्या नंबरवर गेलं, तर पॅट बूनने गुळगुळीत करून गायलेलं १२ व्या. म्हणून पुढचं 'लाँग टॉल सॅली' रचताना वेग मुद्दाम इतका वाढवला, की बूनच्या जिभेला ते झेपूच नये. बूनने तेही गायलं. पण या वेळी रिचर्ड ६ वा आणि बून ८ वा! पोरांना फरक कळायला लागला होता. १९५६ नंतर या नकलांचा जोर ओसरू लागला, त्यामागे माझ्या मते हेच मोठं कारण आहे. कायदा तसाच राहिला, कान बदलले.

तरी पैशाची गळती होतीच. चक बेरीचं 'मेबलीन' १९५५ मध्ये पॉपच्या पहिल्या पाचात गेलं, आणि रेकॉर्डवर गीतकार म्हणून त्याच्यासोबत ॲलन फ्रीडचंही नाव छापलेलं! रेडिओवर गाणं वाजावं म्हणून दिलेली ही दक्षिणा होती. ते नाव हटायला १९८६ उजाडलं.

आता डेट्रॉइटला जाऊ. बेरी गॉर्डी मोटारींच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम केलेला माणूस. १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने मोटाउन उभं केलं. गाणी लिहिणारे घरचे, वाजवणारे घरचे, प्रकाशन कंपनी घरची. शुक्रवारी मीटिंग, त्यात कुठलं गाणं बाजारात जाणार यावर मतदान. गाणं कारमधल्या रेडिओवर कसं वाजेल हे बघायला तसलाच छोटा स्पीकर लावून ऐकायचं. आणि गायक-गायिकांना चालणं, बसणं, बोलणं शिकवायला मॅक्सिन पॉवेल नावाच्या बाई. हे सगळं गोऱ्या घराच्या दिवाणखान्यात शिरण्यासाठी. काही वेळा तर चेहराच लपवला: १९६६ च्या आयझली ब्रदर्सच्या अल्बमवर समुद्रकिनाऱ्यावर बसलेलं एक गोरं जोडपं छापलंय. गायक कुठेच नाहीत.

पण चाललं. कसं चाललं! नोव्हेंबर १९६३ मध्ये बिलबोर्डने आर अँड बीची यादीच बंद केली, कारण ती आणि पॉपची यादी जवळजवळ सारखीच दिसायला लागली होती. जानेवारी १९६५ मध्ये ती परत सुरू केली. त्या मधल्या काळात एकीकडे बीटल्सची लाट आली होती आणि दुसरीकडे द सुप्रीम्स या तीन मुली एकामागून एक पहिला नंबर मारत होत्या. मोटाउनमध्ये मालकी कृष्णवर्णीय होती, हा फरक मोठा. तरी तिथले वादकही १९७१ पर्यंत अल्बमवर जवळपास निनावीच राहिले, हेही सांगायला हवं.

जाता जाता रूथ ब्राउन. तिच्या गाण्यांनी अटलांटिक इतकी वर आली, की कंपनीला 'रूथने बांधलेलं घर' म्हणायचे. तिचीही गाणी गोऱ्या गायिकांनी गायली. साठच्या दशकात तिने लोकांकडे घरकाम केलं, शाळेची बस चालवली. १९६७ मध्ये अटलांटिक पावणेदोन कोटी डॉलरला विकली गेली, पण कंपनीच्या वह्यांत रूथच देणेकरी दिसायची, कारण स्टुडिओचा खर्च कलाकाराच्या मानधनातून वळता करायची पद्धत होती. ती वकिलाला घेऊन अनेक वर्षं भांडली. १९८८ मध्ये कंपनीने तिचं आणि तिच्या पिढीतल्या इतर अनेकांचं जुनं येणं माफ केलं, मानधनाचा हिशेब नव्याने केला, आणि जुन्या कलाकारांच्या मदतीसाठी रिदम अँड ब्लूज फाउंडेशनला पैसे दिले.

आणि लाव्हर्न बेकर? ती फिलिपिन्समधल्या अमेरिकी नौदल तळावर सैनिकांच्या क्लबमध्ये वीसेक वर्षं काम करत होती. ती परत आली, आणि १९९० मध्ये ब्रॉडवेवरच्या 'ब्लॅक अँड ब्लू' या संगीतिकेत तिने ज्या गायिकेची जागा घेतली, ती होती रूथ ब्राउन.

तर मंडळी, मूळ 'ट्वीडली डी' आणि गिब्जचं 'ट्वीडली डी' लागोपाठ ऐका आणि काय वाटलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात.