बऱ्हाणपूरचे भुयार आणि नरखेडची विहीर

मध्ययुगाचा इतिहास आपल्याला शिकवला गेला तो तख्त, तलवार आणि तहांचा. छावण्यांनी फुगलेल्या त्या काळच्या शहरांना प्यायला पाणी कोठून मिळत होते, हे पाठ्यपुस्तकांनी क्वचितच सांगितले. मुसलमान वाचकानेही आपला वारसा मोजताना मकबरे मोजले. पाण्याची कामे मोजायची राहून गेली.

१६०१ साली अकबराने असीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर हे मोगलांचे दख्खनमधील मुख्य ठाणे झाले. फौज, कारखाने, सराया वाढल्या. तापी दारातून वाहत होती खरी. पण युद्धाच्या दिवसांत शत्रूला नदीचे पाणी बिघडवणे अवघड नव्हते. मग अब्दुर्रहीम खानखानानच्या सुभेदारीत, १६१५च्या सुमारास, कुंडी भंडारा उभा राहिला. लोक त्याला खूनी भंडाराही म्हणतात. रहीमचे दोहे आजही शाळकरी मुलांना पाठ असतात. त्याच्या कारकिर्दीतले हे भुयार मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.

त्याची रचना साधी आणि पक्की आहे. सातपुड्यात मुरलेले पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपते. इराणी कारेजच्या धर्तीवर ती वाट हेरून भुयार खोदले, त्यावर ओळीने शंभरावर कुंड्या बांधल्या आणि उतार असा राखला की पाणी आपल्या पायांनी शहरात चालत यावे. ना मोट, ना रहाट. खरी गोष्ट पुढेच आहे. हे भुयार डोंगर देईल तेवढेच घेत होते. जास्त ओढण्याची सोयच त्यात नव्हती. मर्यादा हुकमात नव्हे, बांधकामातच होती.

आता सातपुड्याच्या दुसऱ्या अंगाला येऊ. तापी मुलताईला उगम पावते आणि वर्धाही त्याच मुलकातल्या डोंगरांतून निघते. एक बहीण पश्चिमेला बऱ्हाणपूरकडे जाते, दुसरी दक्षिणेला वळून नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्याच्या कडेने वाहते. जलालखेड्याजवळ जाम नदी तिला मिळते. दोन नद्यांचा हा तालुका, तरी पाण्याची ओढ कायम.

कारण संत्रा. आंबिया बहराला हिवाळ्यात ताण द्यायचा आणि ताण तोडला की ऐन उन्हाळ्यात झाड पाण्यावर जगवायचे. फळ धरलेले झाड थांबत नाही. विहीर आटली की बोअर, तो आटला की आणखी खोल बोअर. नरखेड गावाची तहान आणि बागांची तहान एकाच खडकाच्या पोटातून भागते. बागाईतदाराला दोष द्यावा तर त्याच्या घरचा नळही त्याच पाण्यावर आहे. २०१९ साली केंद्राने भूजलासाठी जी अटल भूजल योजना काढली, तिच्यात नागपूर जिल्ह्यातून काटोल आणि नरखेड हे तालुके घेतले गेले, ते उगीच नव्हे.

आणि हाच तालुका ३० जुलै १९९१ला वर्धेच्या पुरात मोवाड बुडाले तेव्हा दोनशेहून अधिक माणसे गमावून बसला. पावसाळ्यात पाणी माणसे नेते, वैशाखात तेच पाणी सापडत नाही.

बऱ्हाणपूरला जाऊन भुयार खणा, असे कोणी म्हणणार नाही. त्या भंडाऱ्यालाही आसपासच्या उपशाने आणि साचलेल्या चुन्याने ग्रासले आहे. २०२४ साली त्याचे नाव युनेस्कोच्या संभाव्य वारशाच्या यादीत गेले. पण यादीत नाव गेल्याने झरे वाहत नसतात. त्यांच्या डोक्यावरचा डोंगर आणि भोवतालची जमीन राखावी लागते.

भुयार खणणाऱ्यांनी आधी पाण्याची वाट आणि त्याची आवक ओळखली, मग शहराची तहान त्यात बसवली. आपण आधी तहान ठरवतो आणि पाणी मागाहून शोधतो. गावागावांत पाण्याचा ताळेबंद मांडणे, नाल्यावर पाणी अडवणे, बागांचे क्षेत्र विहिरीच्या कुवतीत ठेवणे ही कामे दिसायला किरकोळ आहेत. पण बोअरच्या यंत्राने मोडलेली जुनी मर्यादा माणसांनी एकत्र बसून पुन्हा बांधण्याचा दुसरा रस्ता नाही. पूर्वी ती दगडात होती; आता ती आपसांतल्या करारात असावी लागेल.