आठ आउट

२० ऑक्टोबर २०२५च्या रात्री टोरंटोत सातवी इनिंग सुरू होती आणि सिअॅटल मरिनर्स ३-१ने पुढे होते. सात सामन्यांच्या मालिकेतला हा सातवा सामना. जिंकला की थेट वर्ल्ड सिरीज. मेजर लीगमधल्या तीस संघांपैकी तिथे एकदाही न पोचलेला हा एकमेव संघ. वर्ल्ड सिरीज आठ आउटवर आली होती. तेवढ्यात जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होम रन मारला. शेवटी ४-३ने हरलो. मी फ्लॅटमध्ये गार झालेला वरणभात समोर घेऊन बसलो होतो. पुण्यात सकाळ झाली होती, म्हणून आईचा फोन आला. "हरलो," म्हणालो. तिने विचारलं, "आज मॅच होती आपली?"

'आपली' या शब्दापाशी मी जरा अडखळलो. पाच वर्षांपूर्वी नोकरीसाठी या भागात आलो तेव्हा बेसबॉल मला कंटाळवाणा वाटायचा. सहकाऱ्यांबरोबर स्टेडियममध्ये जाऊ लागलो, मग हळूहळू जुना इतिहास वाचू लागलो आणि लक्षात आलं, की या शहरात नव्या मोसमाआधी "जिंकणार का?" याच्याही आधी बरीच वर्षं वेगळाच प्रश्न विचारला जायचा: "संघ राहणार का?"

कारण एकदा तो राहिला नव्हता. १९६९मध्ये सिअॅटल पायलट्स नावाचा संघ इथे सुरू झाला आणि एकच मोसम खेळला. पुढच्या वसंतात मालकांचं दिवाळं निघालं. मोसम सुरू व्हायला आठवडाही उरला नव्हता, तेव्हा कोर्टाने संघ मिलवॉकीला विकायला परवानगी दिली. सामान भरलेले ट्रक कुठे न्यायचे हे ठरत नव्हतं, म्हणून ते युटामध्ये खोळंबून राहिले होते म्हणतात. मिलवॉकीत पोचल्यावर जर्सीवरचं 'पायलट्स' उसवून त्या जागी 'ब्रुअर्स' शिवलं गेलं.

सिअॅटलकरांनी मग जे केलं ते मला फार आवडतं. शहर, काउंटी आणि वॉशिंग्टन राज्य यांनी मिळून चक्क अमेरिकन लीगवर खटला भरला. १९७६मध्ये सुनावणी सुरू झाल्यावर लीगने तडजोड केली आणि सिअॅटलला नवा संघ देऊ केला. तोच मरिनर्स. म्हणजे आमचा संघ कोर्टकचेरीतून जन्मला. ६ एप्रिल १९७७ला पहिला सामना झाला, तो ७-०ने हरलो. विजयांची संख्या पराभवांपेक्षा जास्त भरायला १९९१ साल उजाडलं, आणि नेमकं तेव्हाच मालक संघ फ्लोरिडाला हलवण्याच्या गोष्टी करू लागले.

या वेळी मदतीला आले निन्टेंडोचे हिरोशी यामाउची. कंपनीची अमेरिकेतली कचेरी शेजारच्या रेडमंडमध्ये. १९९२मध्ये त्यांच्या पैशावर संघ विकत घेतला गेला आणि इथे थांबला. परदेशी मालक नको म्हणून बेसबॉलच्या वरिष्ठांनी आधी बरीच कुरकुर केली होती. यामाउचींनी मरिनर्सचा एकही सामना स्टेडियममध्ये बसून पाहिला नाही. आमच्या ऑफिसात ही गोष्ट सांगितली की आम्हा परदेशी मंडळींना उगाच बरं वाटतं.

तरीही धोका टळला नव्हता. सप्टेंबर १९९५मध्ये नव्या स्टेडियमसाठीचा कर मतदारांनी थोडक्यात नाकारला. त्याच सुमारास, ऑगस्टमध्ये तेरा सामन्यांनी मागे पडलेला संघ चमत्कार केल्यासारखा वर आला. ८ ऑक्टोबरला यांकीजविरुद्ध अकराव्या इनिंगमध्ये एडगर मार्टिनेझने डाव्या रेषेलगत फटका मारला, केन ग्रिफी पहिल्या बेसवरून धावत घरी पोचला आणि मालिका जिंकली. त्याच महिन्यात विधिमंडळाने स्टेडियमच्या पैशांची सोय केली. एका फटक्याने संघ वाचवला असं इथले लोक सांगतात. राजकारण इतकं सरळ नसतं, पण मी वाद घालत नाही.

त्या संघाचा कॅचर होता डॅन विल्सन. आज तोच मॅनेजर आहे. टोरंटोत सातव्या इनिंगला भरवशाच्या आंद्रेस मुन्योझऐवजी एदुआर्द बझार्दोकडे चेंडू देण्याचा निर्णय त्याचाच. माझ्या मते चुकला. पण १९९५ आठवणाऱ्या माणसांना त्याच्यावर नीट चिडताही येत नाही.

आता २०२६, मरिनर्सचा पन्नासावा मोसम. संघ जाईल ही भीती उरलेली नाही आणि त्यामुळे पहिल्यांदाच निव्वळ हरण्याची भीती वाटते आहे. कागदावर संघ तगडा आहे. गिल्बर्ट, कर्बी, वू यांच्यासारखे पिचर कुणाकडेही नसतील. जॉश नेलर पाच वर्षांचा करार करून राहिला, याचा मला सर्वांत जास्त आनंद. होर्हे पोलांको गेला, याचं वाईट वाटतं. डेट्रॉइटविरुद्ध पंधराव्या इनिंगमध्ये त्यानेच जिंकून दिलं होतं. कॅल रॅलीने गेल्या वर्षी ६० होम रन मारले, कॅचरसाठी हा विक्रमच. यंदा तो चाळिसावर थांबला तर लोक त्याला अपयशी म्हणतील आणि ते चूक असेल.

यंदा एक नवा नियमही आला आहे. पंचाने बॉल-स्ट्राइकचा निर्णय चुकीचा दिला असं वाटलं तर बॅटर, पिचर किंवा कॅचर डोक्यावर हात मारून दाद मागू शकतो. निकाल देणार कॅमेरे. क्रिकेटवाल्या आपल्याला डीआरएसची सवय आहेच, कॅमेरेही त्याच हॉक-आयचे. कडेचा चेंडू अलगद झेलून तो स्ट्राइक भासवण्यात रॅली पटाईत आहे. त्या कलेची किंमत आता मोक्याच्या क्षणी कमी होईल. उलट दाद कधी मागायची हे कॅचरला सर्वांत चांगलं कळतं. दोनदा चुकलात की संधी संपली. मला वाटतं, त्यात आमचा फायदाच आहे.

वर्ल्ड सिरीज ऑक्टोबरच्या अखेरीस असते. माझ्या व्हिसाची तारीख सप्टेंबरची आहे. मुदतवाढीचा अर्ज गेलाय, उत्तर आलेलं नाही. आमच्या टीममधले दोघं गेल्या हिवाळ्यात नोकरी जाऊन परतले, त्यातल्या एकाची मरिनर्सची टोपी माझ्याकडे आहे. तूर्तास एप्रिलमधल्या एका मंगळवारची, वरच्या मजल्यावरची दोन तिकिटं काढली आहेत. तिथे संध्याकाळी बोचरा वारा असतो, जॅकेट न्यावं लागेल.