जन्मतांच होणारी परीक्षा

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेंतील मोठ्या रुग्णालयांतहि प्रसूतीच्या वेळीं सर्वांचें लक्ष बाळंतिणीकडे असे. तें योग्यच होतें. रक्तस्राव झाला तर तिचा जीव घटकेंत जाई. पण नाळ कापल्यावर मूल बाजूस ठेवलें जाई, आणि जें निळें पडलें, रडलें नाहीं, तें वांचण्याजोगें नाहीं असें समजून पुष्कळदां सोडूनहि दिलें जाई. कोणत्या मुलास तांतडीची मदत हवी, हें ठरविण्याची सर्वमान्य कसोटीच नव्हती.

ती दिली डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनीं. त्यांचा जन्म १९०९ चा. त्यांना शस्त्रवैद्य व्हावयाचें होतें. परंतु न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील त्यांच्या गुरूंनीं, स्त्रियांचा त्या धंद्यांत निभाव लागत नाहीं असें पाहून, त्यांना भूल देण्याच्या शास्त्राकडे वळविलें. सल्ला संकुचित खरा, पण लाभ जगाचा झाला. आईला दिलेली भूल मुलाला किती बाधते, हा प्रश्न त्यामुळें बाईंच्या डोळ्यांसमोर नित्य राहिला.

१९४९ सालीं न्याहारीच्या वेळीं एका विद्यार्थ्यानें, नवजात मुलाची स्थिति पारखावी कशी, असें विचारलें, आणि बाईंनीं हाताशीं असलेल्या कागदावर पांच गोष्टी लिहून दिल्या, असें सांगतात. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा जोर, डिवचल्यावर होणारी हालचाल आणि अंगाचा रंग. प्रत्येकीस ०, १ किंवा २ गुण. ठोके मिनिटास १०० च्या वर असले तर दोन, कमी असले तर एक, मुळींच नसले तर शून्य. जन्मापासून ६० सेकंदांनीं बेरीज करावयाची. ही पद्धति त्यांनीं १९५२ सालीं परिषदेंत मांडली व १९५३ सालीं ती छापून आली. पांच मिनिटांनीं पुन्हां गुण देण्याची चाल मागाहून पडली.

परीक्षक कोण असावा, याविषयीं बाईंचा कटाक्ष होता. ज्यानें बाळंतपण केलें त्यानें गुण देऊं नयेत. आपल्या हातच्या कामास तो दहापैकीं दहाच देणार! (शाळामास्तरांनाहि हा मोह ठाऊक आहे.) म्हणून शेजारची परिचारिका घड्याळ पाहून गुण मांडूं लागली, आणि मुलाकडे कोणाचा तरी डोळा सतत राहूं लागला.

पूर्ण दहा गुण क्वचित् मिळतात. हातपाय कांहीं वेळ निळसर राहतात, म्हणून एक गुण बहुधा जातोच. सांवळ्या मुलाचा रंग कातडीवरून नीट कळत नाहीं. जीभ व ओठांची आंतली बाजू पाहावी लागते. मूल श्वास घेत नसतां ६० सेकंद भरण्याची वाट पाहणें मात्र अपराधच. उपचार आधीं, गुण मागाहून. कमी गुणांवरून मुलाच्या पुढील बुद्धीचें भाकीतहि करतां येत नाहीं, तेव्हां आईबापांनीं उगाच धास्ती घेऊं नये.

बाई १९७४ सालीं वारल्या. त्यांच्या आडनांवाच्या पांच इंग्रजी अक्षरांवर पांच लक्षणें बसविण्याची युक्ति १९६२ सालीं निघाली, आणि तेव्हांपासून तें माणसाचें नांव आहे हेंच कित्येकांस ठाऊक नसतें. मुंबई-पुण्याच्या प्रसूतिगृहांतील कागदांवर तें नांव आजहि आढळतें, व त्यापुढें दोन आंकडे: एक पहिल्या मिनिटाचा, दुसरा पांचव्या मिनिटाचा.