डिंक, लाख आणि अण्णांची व्हॅन

इतिहासाच्या पुस्तकात लढाया करणाऱ्यांना जागा मिळते, किल्ले बांधणाऱ्यांना मिळते, गेलाबाजार तह मोडणाऱ्यांनाही मिळते. पण माणसानं दोन वस्तू एकमेकींना चिकटवल्या आणि पुढं त्या सोडवताना त्याची काय त्रेधा उडाली, याबद्दल एक अक्षर सापडत नाही. ती उणीव मी भरून काढणार आहे. मी बी.कॉम. आहे, बँकेत कारकून आहे आणि इतिहासाशी माझा संबंध दहावीला सुटला हे कबूल. पण एका एप्रिलात मी लागोपाठ तीन दिवस एका ओम्नी व्हॅनच्या तळावर गुडघे टेकून बसलो होतो. एवढी साधना पुष्कळ इतिहासकारांचीही नसेल.

व्हॅन १९९८ सालची. वडिलांनी घेतलेली आणि इंदापुरात वाढलेली. २००६ साली माझं लग्न ठरलं तेव्हा थोरल्या बंधूंनी, म्हणजे अण्णांनी, आदल्या रात्री जागून तिच्या तळावर लाल गालिचा चिकटवला. बारामतीची मुलगी इंदापूरपर्यंत पत्र्यावर पाय ठेवून येणार, हे त्यांना पाहवेना. गॅरेजवाले ज्याला 'सोल्युशन' म्हणतात तो पिवळा पदार्थ त्यांनी डबाभर ओतला. या शब्दाचा इंग्रजीत 'प्रश्नाचं उत्तर' असाही अर्थ होतो. आमच्या घरात ते उत्तर आधी आलं, प्रश्न नंतर पडला.

पुढं वाटण्या झाल्या. बांधावरून सुरुवात झाली, विहिरीपर्यंत गेली आणि माझं-अण्णांचं बोलणं आईमार्फत सुरू झालं. व्हॅन माझ्या वाटणीला आली, मी ती बारामतीला आणली आणि वर्षभर झाकून ठेवली. मग पासिंगचं नूतनीकरण आलं. गालिच्याला कुबट वास येत होता. कोपरा उचलला तर खाली गंज. गालिचा ओढला तसा तो निमूट हातात आला. सोल्युशन मात्र पत्र्याला धरून राहिलं. वाटणीत माणसं गेली तरी कज्जा राहतो, तसं.

आता इतिहास. चिकटवण्याची विद्या फार जुनी. इटलीत सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं सापडली, त्यांवर भूर्जाच्या सालीचा डांबरासारखा चिकटा होता. म्हणजे आपल्या जातीची माणसं युरोपात पोचण्याआधीच निअँडरथल मंडळी तिथं चिकटवाचिकटवी करत होती. आपल्याकडं बाभळीचा डिंक, पुस्तकं बांधायला पिठाची खळ, सुताराला जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस आणि मोहोर करायला लाख. लाक्षागृहाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पुरोचनानं लाखेचं घर बांधलं. ते सोडवायला काय लागतं याचा विचारही त्यानंच आधी करून ठेवला होता. उष्णता दिली की लाख मऊ होते, एवढं रसायनशास्त्र त्याला येत होतं. उत्तर चुकलं ते आत कोण सापडेल, याचं.

या जुन्या मंडळींचा एक गुण माझ्या ध्यानात आला तो गुडघ्यावर बसल्या बसल्या. डिंक आणि खळ पाण्यानं सुटतात, सरस कोमट पाण्यानं, लाख उष्णतेनं. म्हणजे चिकटवतानाच सोडवायची वाट ठेवलेली. पाकिटावरचं तिकीट वाटीभर पाण्यात टाकून सोडवणाऱ्या पोरांना हे माहीत होतं. मग १९३० साली अमेरिकेत ड्यू पाँच्या रसायनशाळेत क्लोरोप्रीनपासून कृत्रिम रबर निघालं, आणि पुढं त्याचेच चिकटे बाजारात आले. दोन्ही बाजूंना लावायचं, जरा सुकू द्यायचं, मग दाबायचं. एकदा धरलं की इकडचं तिकडं हलवता येत नाही. आपल्याकडं १९५९ साली फेविकॉल आलं आणि सुतारांची सरस उकळण्याच्या वासातून सुटका झाली. जग घट्ट होत गेलं. सोडवायचं कसं, ते मात्र डब्यावर बारीक अक्षरात गेलं.

बारामतीत सल्ल्याला तोटा नाही. एकजण म्हणाला, ब्लेडनं खरवड. खरवडलं, सोल्युशनबरोबर पत्र्याला चरे पडले. दुसरा म्हणाला, पेट्रोल ओत. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. एका ठिणगीत माझं लाक्षागृह झालं असतं. तिसरा म्हणाला, थिनर. थिनरनं सोल्युशन गेलं आणि त्याच्या मागोमाग रंगही गेला. व्याज माफ करायला गेलो आणि मुद्दल बुडालं. गंमत म्हणजे रंग सगळीकडं गेला नाही. एका चौकोनातच गेला. शेजारचा जागच्या जागी.

रंग न दुखवता सोडवायचं, या एका अडचणीनं जगाला एक मोठी वस्तू दिली आहे. १९२०च्या सुमारास अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारींची फॅशन आली. एक रंग द्यायचा, त्यावर कागद चिकटवायचा, शेजारी दुसरा द्यायचा. कागद काढला की पहिला रंग कागदाबरोबर निघायचा आणि रंगारी शिव्या घालायचा. सेंट पॉलच्या एका गॅरेजात त्या शिव्या रिचर्ड ड्रू नावाच्या तरुणानं ऐकल्या. तो थ्री-एम कंपनीत नोकरीला होता आणि पॉलिशपेपरचे नमुने घेऊन आला होता. सुताराच्या सरसात ग्लिसरीन घालून, सुरकुत्यांच्या कागदावर लावून त्यानं १९२५ साली मास्किंग टेप काढली. धरते, पण सोडताना रंगाला धक्का लावत नाही. सांगतात की साहेबांनी त्याला हे काम बंद करायला सांगितलं होतं. त्याला शंभर डॉलरपर्यंत खर्च मंजूर करायचा अधिकार होता, म्हणून त्यानं नव्याण्णव-नव्याण्णव डॉलरच्या मागण्या लावून लागणारं यंत्र घेतलं. आमच्या बँकेत याला चार्जशीट मिळतं.

पण ड्रूसाहेबांना रंग कोणता ते माहीत होतं. माझ्या चौकोनाचा रंग कोणता, हे सांगू शकणारं अस्सल साधन जगात एकच होतं, आणि ते इंदापुरात होतं. मी दोनदा मोबाईल उचलून ठेवला. तिसऱ्यांदा लावला.

"अण्णा, व्हॅनच्या तळाला कधी रंग दिलता का तुम्ही?"

पलीकडं बराच वेळ शांतता.

"थिनर लावलास?"

"हो."

"लेका, विचारायचं तरी आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा एसटीनं बारामतीला हजर. हातात पिशवी. दारात उभे राहून म्हणाले, "उजनीचं पाणी लई उतरलंय. पळसदेवचं देऊळ वर आलंय." आठ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. धरण १९८० साली पुरं झालं, तेव्हापासून ते देऊळ पाण्याखाली. पाणी उतरलं की तसंच उभं. मी म्हणालो, "चहा घ्या."

चौकोनाचा उलगडा झाला. लग्नाच्या आधी पत्र्याला भोक पडलं होतं. अण्णांनी तुकडा जोडून त्यावर डब्यातला एनसी रंग दिला होता. कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतो, थिनरला सहजी दाद देत नाही. एनसी रंग नुसता सुकलेला असतो. थिनर लागला की पुन्हा पातळ होतो. "तुला सांगितलं नाही. म्हणलं, लग्नाच्या घरात भोकाची बातमी कशाला."

मग अण्णांनी पद्धत सांगितली, ती वाचकांच्या उपयोगी पडावी म्हणून देतो. गाडी दुपारच्या उन्हात उभी करायची. बारामतीचं ऊन या कामाला फुकट मिळणारी भट्टी आहे. पत्रा तापला, सोल्युशन मऊ पडलं, की लोखंड न वापरता प्लॅस्टिकच्या पट्टीनं हळूहळू लोटायचं. (माझ्या मुलाची कंपासपेटी त्यात कामी आली.) उरलेल्यावर टर्पेंटाइनचा बोळा, तोही आधी सीटखाली, जिथं कुणाला दिसत नाही तिथं लावून बघायचा. दारं सताड उघडी, आणि जवळपास विडी नाही. बोळा ठेवून थांबायचं, घासायचं नाही. शेवटी साबणाचं पाणी, कोरडं फडकं, गंजाला रेडऑक्साइड.

"घाई केली की रंग जातो," अण्णा म्हणाले. ते व्हॅनबद्दलच बोलत होते. मीही व्हॅनबद्दलच ऐकलं.

दोन दिवस आम्ही दोघं शेजारी शेजारी गुडघ्यावर होतो. बांधाचा विषय एकदा निघाला. तेव्हा अण्णांनी बोळा बदलला. संध्याकाळी तळ उघडा झाला. कंपनीचा रंग मूळचा होता तसा. मागच्या दाराशी रुपयाएवढं सोल्युशन राहिलं होतं. मी पट्टी उचलली.

"राहू दे आता," अण्णा म्हणाले. "पुढच्या रविवारी बघू."

ते अजून तिथंच आहे. अण्णा दर महिन्या-दोन महिन्यांनी ते बघायला येतात, चहा घेतात आणि सांगतात की अजून ऊन पुरेसं झालेलं नाही.