गुपिताचा धातू

समुपदेशन शिकणाऱ्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष माणसांसमोर बसवण्याआधी त्यांच्या हाती एक संमतिपत्रक देतात. अशाच एका पत्रकाचं मराठी तपासायला माझ्याकडे आलं होतं. 'आपण दिलेली माहिती गोपनीय ठेवली जाईल' या वाक्यापाशी मी थांबले. व्याकरणात खोट नाही. पण ठेवणार कोण? कर्ता वाक्यातून नाहीसा झालेला, आणि भीतभीत आलेल्या माणसाला नेमका तोच हवा असतो.

मग 'गोपनीय'कडेच नीट पाहावंसं वाटलं. आपल्या कानाला गोपनीय म्हणजे लपवायचं. गुपित, गुप्तहेर, गुप्तधन, काठीत पातं दडवलेली गुप्ती, सगळीकडे लपणंच आहे. धातुपाठात मात्र गुप् या धातूचा अर्थ 'रक्षण' असा दिला आहे. भाषेच्या अभ्यासकांच्या मते तर हा धातूच 'गोप' या शब्दातून घडला. गोप म्हणजे गाई पाळणारा. तो करतो ते 'गोपायति', आणि त्यातून पुढे सुटा झाला तो गुप्. चंद्रगुप्त हा दडलेला चंद्र नव्हे, चंद्राने राखलेला माणूस. आपला गुराखीही 'राखण्या'तूनच आलेला. तो गुरं लपवत नाही. चरायला नेतो, नजर ठेवतो, दिवेलागणीला मोजून परत आणतो. आणि वाघाची चाहूल लागली तर गप्प बसत नाही, ओरडून गाव गोळा करतो.

हे ओरडणं विद्यार्थ्यांना फार जड जातं. पहिल्याच तासाला त्यांच्या मनावर बिंबवलेलं असतं की खोलीतलं बोलणं खोलीतच राहिलं पाहिजे. लिफ्टमध्ये नाही, डब्याच्या वेळी नाही, मैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव गाळूनही नाही. (लहान गावात नाव गाळून काय होतं? 'शाळेच्या मुख्याध्यापिका' एवढं म्हटलं की सगळ्यांना कळतं.) ते हे जिवापाड पाळतात. मग एखादी शाळकरी मुलगी घरातल्याच कोणाचं नाव घेते, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 सांगतं, की हे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. विद्यार्थिनीला वाटतं, आपण शब्द मोडला. 'गोपन' म्हणजे लपवणं एवढंच धरलं तर तो मोडलाच. राखणं धरलं तर त्या मुलीला वाचवण्यासाठी बोलणं त्याच शब्दाच्या पोटात बसतं. मात्र तिला आधी विश्वासात घेऊन, कोणाला आणि काय सांगणार आहोत ते समजावून.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयालाही याच दोन अर्थांमधून वाट काढावी लागली. 1969मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने तातियाना तारासॉफ या तरुणीचा खून केला. तसा इरादा त्याने आपल्या मानसोपचारतज्ज्ञाला आधी सांगितला होता. तज्ज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, त्यांनी त्याला थोडा वेळ ताब्यात घेऊन सोडून दिलं. तातियानाला कोणीच काही सांगितलं नाही. 1974च्या निकालात न्यायालयाने 'इशारा देण्याचं' कर्तव्य सांगितलं; 1976मध्ये पुन्हा ऐकून ते 'रक्षण करण्याचं' कर्तव्य केलं. आपल्या 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 23 गोपनीयतेचा हक्क देतं, आणि त्यातल्या अपवादांतही दुसऱ्याला इजेपासून वाचवणं आहे. कायद्यांनी गुप् वाचलेला नाही, तरी ते त्याच्याच दाराशी येऊन पोचले.

या धातूची एक लेक मला अधिक अस्वस्थ करते. जुगुप्सा. मुळातला अर्थ स्वतःला राखण्याची इच्छा, त्यातून अंग चोरणं, आणि मग किळस. समोरचा माणूस असं काही सांगतो की ऐकणाऱ्याच्या पोटात कालवतं. तेव्हा आतला गुप् समोरच्याला राखायचं सोडून स्वतःला राखू लागतो. चेहरा आक्रसतो, खुर्ची इंचभर मागे जाते, आणि बोलणारा गप्प होतो. पाणिनीच्या तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादातलं पाचवं सूत्र तीन धातूंना एकच प्रत्यय लावतं. त्यातून तीन शब्द घडतात: जुगुप्सा, तितिक्षा आणि चिकित्सा. किळस, सोसणं आणि बरं करणं. पाणिनीला इथे व्याकरणच सांगायचं होतं, हे मला ठाऊक आहे. तरी शिकाऊ समुपदेशकाच्या एका तासात हे तिन्ही शब्द एकमेकांना खेटून बसलेले असतात, आणि आपली किळस ओळखून मार्गदर्शकापाशी ती कबूल करणं हा त्याच्या प्रशिक्षणातला सर्वांत कठीण भाग आहे, असं मी मानते.

'समुपदेशन' या नावावर पुष्कळांचा राग असतो, कारण त्यात उपदेश ऐकू येतो. दिश् म्हणजे दाखवणं, उप म्हणजे जवळ. जवळ बसून दाखवणं. डोस पाजणं हा अर्थ आपण वापरून वापरून त्याला चिकटवला. 'विश्वास' मात्र मला जसाच्या तसा आवडतो. त्यात श्वस् आहे, मोकळा श्वास घेणं. आश्वासनातही तोच. पत्रकावर सही करणाऱ्याचा श्वास मोकळा होतो का, एवढं पाहिलं तरी मसुदा बराच सुधारतो.

शेवटी त्या वाक्यावर मी काट मारली. 'गोपनीय'ला मराठीत 'सांभाळणं' हा सख्खा शब्द सापडला आणि मसुदा असा झाला: 'तुम्ही सांगाल ते मी सांभाळीन. मी अजून शिकते आहे, म्हणून माझ्या मार्गदर्शक बाईंशी मी त्याबद्दल बोलेन. तुमचं नाव न घेता. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा लहान मुलावर अत्याचार होतो आहे असं कळलं, तर मला गप्प राहता येणार नाही. तेव्हा काय करणार आहे ते शक्यतो आधी तुम्हाला सांगेन.' त्याखाली विद्यार्थिनीच्या सहीसाठीही एक रेघ ओढली. आधीच्या पत्रकात ती नव्हती.