सरगमगीत (बालसंगीतशिक्षणातील)

रागातील स्वरांनाच शब्द मानून तालात बांधलेली छोटी रचना. स्थायी आणि अंतरा हे तिचे दोन भाग. सुचलेले स्वर रचनेच्या घाटात कसे बसवावेत, हे मुलांना शिकवण्यास याहून सोपे साधन नाही.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी मराठीतील ‘क्रमिक पुस्तक मालिके’त सरगमगीतांना आरंभीचे स्थान दिले. सध्याच्या मध्य प्रदेशात ही पद्धत ग्वाल्हेरच्या माधव संगीत विद्यालयातून (१९१८) रुजली.

वर्गात भूपासारखा पाच स्वरांचा राग घ्यावा. ‘सा रे ग ऽ । ग प ग ऽ । ग प ध प । ग रे सा ऽ’ ही त्रितालाची सोळा मात्रांची ओळ झाली स्थायी. पहिल्या तुकड्यात सूर गंधारापर्यंत चढतो, दुसऱ्यात पंचमाला स्पर्शून गंधारावर परततो, तिसऱ्यात धैवताला स्पर्शून वळतो, चौथ्यात षड्जावर विसावतो. चाल कुठे पुरी झाली हे मुलाला न सांगता कळते. अंतऱ्यात मुलांनी तार षड्जापर्यंत जाणारी स्वतःची ओळ रचावी आणि पुन्हा स्थायीवर यावे. हे परतणेच खरे शिक्षण आहे. पाठांतरावर थांबणारा वर्ग नेमके तेच गमावतो.

जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या बालसंगीतपद्धतीतही प्रश्नोत्तरी ओळी आणि फिरून येणारे ध्रुवपद यांना असेच स्थान आहे.

मध्य प्रदेशातील माळव्यात, देवासला राहून गायक कुमार गंधर्वांनी माळवी लोकधुनांतून नवे राग घडवले. अशा धुना बहुधा मोजक्याच स्वरांच्या असतात, म्हणून माळव्यातल्या शिक्षकांनी सरगमगीतांची सुरुवात त्यांपासूनच करावी.