अंगणवाडी सेविकेचे मानधन : पैसा येतो कुठून, अडतो कुठे?

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड, पालम, जिंतूर या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मागे राहिलेल्या लेकरांना पहिला आधार असतो तो गावातल्या अंगणवाडीचा. ती चालवणाऱ्या सेविका आणि मदतनीस ताईला मात्र पगार नाही, ‘मानधन’ मिळते. या एका शब्दामागचा हिशेब तरुण कार्यकर्त्यांना माहीत असावा, म्हणून आम्ही तो येथे मांडत आहोत.

योजना
एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. सहा वर्षांखालील मुले, गरोदर व स्तनदा माता यांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि मुलांना शाळेपूर्वीचे शिक्षण, ही तिची कामे. ग्रामीण भागात ती जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागामार्फत चालते.

पैशाचा वाटा
केंद्राने ऑक्टोबर 2018 पासून सेविकेचे मानधन 4,500 आणि मदतनीसचे 2,250 रुपये ठरवले. त्यातही केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के देते. म्हणजे सेविकेमागे केंद्राचे 2,700 रुपयेच. वरची वाढ राज्याने आपल्या तिजोरीतून द्यायची. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यभर पन्नासहून अधिक दिवस संप झाला. 2024 मध्ये राज्याने सेविकेचे मानधन 10,000 वरून 13,000 आणि मदतनीसचे 5,500 वरून 7,500 रुपये केले.

आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. 2017 मध्ये ठरलेला दर एका मुलामागे दिवसाला 8 रुपये, तीव्र कुपोषित मुलासाठी 12 रुपये. डाळ-तेलाचे भाव मात्र वाढतच राहिले.

कायदा काय म्हणतो?
अंगणवाडी सेविका शासकीय पदावर नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये अमीरबी खटल्यात म्हटले. मे 2013 च्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, किमान वेतन आणि पेन्शन द्यावी, अशी शिफारस केली. 25 एप्रिल 2022 रोजी मणिबेन भारिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅच्युइटीचा 1972 चा कायदा सेविका व मदतनीसांना लागू असल्याचा निकाल दिला. त्या कायद्यापुरते मानधन हे वेतनच ठरले.

वस्तीचा हक्क
13 डिसेंबर 2006 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अंगणवाडीसाठी प्राधान्य द्यायला सांगितले. जिथे सहा वर्षांखालील किमान 40 मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी, असेही त्यात आहे. आपल्या वस्तीतील मुलांची यादी करा, ग्रामसभेत ठराव घ्या आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे अर्ज देऊन पोच घ्या.

1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हा भार सरकारनेही उचलावा अशी भूमिका मांडली होती. आई आणि बाळ ही समाजाची जबाबदारी असेल, तर त्यांना सांभाळणाऱ्या ताईचे कामही सेवाभावावर सोडून चालणार नाही. सेविकांचा मोर्चा निघेल तेव्हा त्यांच्या शेजारी उभे राहणे हे म्हणूनच आपलेही काम आहे, असे आम्ही मानतो.